एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसाचं व्यसन: उपचाराची सुरुवात लाजेपासून

व्यसनमुक्तीच्या उपचारात माणसाकडून काय काय मागितलं जातं ते एकदा नीट बघा. वेळेवर यायचं. रोज डायरी लिहायची. गोळ्या चुकवायच्या नाहीत. ओढ आली की थांबून विचार करायचा. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि उतावीळपणा ही त्याची मुख्य खूण) असलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही, आणि हेच जमत नाही म्हणून तो लहानपणापासून बोलणी खात आलेला असतो. मग तो दोन भेटी चुकवतो, तिसऱ्या वेळी तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून जात नाही, आणि त्याच्या कागदावर ‘इच्छाशक्ती कमी’ असा शेरा पडतो. आजार तसाच राहतो, वर आणखी एक शेरा चिकटतो.

लक्ष न टिकणं, कामाला हात न लागणं, वेळेचा अंदाज चुकणं, पटकन काहीतरी बोलून किंवा करून बसणं, हे एडीएचडीचं स्वरूप. हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि तो लहानपणापासून असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात व्यसनाच्या उपचाराला आलेल्या दर शंभरांमागे सुमारे २३ जणांना एडीएचडी आढळला. तंबाखूनं घडीभर लक्ष जागेवर येतं, दारूनं संध्याकाळी डोक्यातला गलका बसतो, मोबाइलवरच्या जुगारात दर मिनिटाला काहीतरी घडतं. या मेंदूला लगेच मिळणारी गोष्ट फार ओढते आणि महिन्यानं मिळणारी गोष्ट जवळजवळ दिसतच नाही. पण व्यसन टिकवून धरते ती लाज. काम चुकतं, लाज वाटते, लाज बुडवायला प्यायची, प्यायल्यानं दुसऱ्या दिवशी आणखी काम चुकतं. हे चक्र लाजेच्या कडीवर तोडावं लागतं.

आधी धोका तपासा

रोज पिणाऱ्या माणसाचे सकाळी हात थरथरत असतील आणि घोट घेतल्यावरच थांबत असतील, तर त्यानं ‘आजपासून बंद’ म्हणून घरी बसू नये. अचानक दारू थांबवल्यावर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होणं, दरदरून घाम, बरळणं सुरू होऊ शकतं, आणि यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाची दारू दवाखान्यात, औषधाच्या आधारानं सोडवतात. गावात सलाईन लावायची वेळ आलीच तर ‘हा रोज पितो’ हे डॉक्टरांना आधी सांगा. जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायामिन, न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या (चिंतेवरच्या, झोपेच्या) गोळ्या कित्येक महिने रोज घेत असाल तर त्याही एकदम बंद करायच्या नाहीत.

मरणाचे विचार येत असतील तर बाकी सगळं बाजूला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीवाला धोका असेल तर १०८.

तपासणीला जाताना काय न्यायचं

कुठं जायचं? सातारा-सांगलीकडच्या लोकांसाठी: सातारा आणि सांगलीचं सिव्हिल, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कराड-मिरजेतले खासगी मानसोपचारतज्ज्ञ. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. व्यसनाबद्दल फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. वेळ घेतानाच दोन प्रश्न विचारा: मोठ्या माणसांचा एडीएचडी तपासता का? आणि व्यसन सुरू असतानाही तपासता का? काही ठिकाणी ‘आधी सहा महिने सोडा, मग बघू’ असं उत्तर मिळतं. शेवटच्या पिण्यानंतर काही आठवडे गेले की निदान जास्त नीट होतं हे खरं आहे, पण एडीएचडीवर उपचार नाही म्हणून व्यसन सुटत नाही आणि व्यसन सुटत नाही म्हणून उपचार नाही, असं कुणालाही लटकत ठेवू नये. दोन्हींवर एकाच वेळी उपचार करता येतात.

जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून न्या. लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसत होती का, हा निदानाचा कळीचा प्रश्न असतो, आणि ‘हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते’ ही शिक्षकांच्या हातची ओळ तुमच्या आठवणीपेक्षा वजनदार ठरते. प्रगतिपुस्तक नसेल तर आई, मोठी बहीण, मामा, कुणीतरी लहानपण पाहिलेलं माणूस बरोबर घ्या, नाहीतर त्यांना डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा. मोठ्या माणसात लक्ष न टिकण्याची किंवा अस्वस्थ-उतावीळपणाची, निदान एका गटातली पाच लक्षणं लागतात, आणि ती घर, काम अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची छोटी चाचणी असते. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं लक्षणाकडे झुकली तर पुढची तपासणी करायची, एवढाच तिचा अर्थ. इंटरनेटवर ती भरून स्वतःच स्वतःचं निदान करू नका. थायरॉइड, घोरण्यामुळे मोडणारी झोप, नैराश्य, बायपोलर (मनाचे टोकाचे चढउतार), यातलं कशानंही लक्ष उडतं, म्हणून ते सगळं तपासलं गेलं पाहिजे.

पिण्याचा आकडा खरा सांगा. बहुतेक जण निम्मा सांगतात, तो लाजेमुळेच. तोंडानं सांगवत नसेल तर घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या: आठवड्यातले किती दिवस, किती क्वार्टर, माव्याच्या किती पुड्या, जुगारात महिन्याला किती रुपये. चिठ्ठी टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं, एवढं पुरतं.

बायकांचा एडीएचडी बऱ्याचदा निसटतो, कारण त्या वर्गात दंगा करत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत बसत होत्या. मिश्री, झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल, ही व्यसनं घरातल्या घरात लपून राहतात आणि ‘बाई असून’ या दोन शब्दांनी लाज दुप्पट होते. पुढचं सगळं त्यांनाही तसंच लागू आहे.

औषधांबद्दल, थोडक्यात पण नेमकं

एडीएचडीवरच्या औषधांपैकी मिथाइलफेनिडेट लवकर काम करतं. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, येतं, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि सगळ्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाही, प्रत्यक्ष जावं लागतं. म्हणून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीचा गजर मोबाइलमध्ये लावून ठेवा आणि दुकानात फोन करूनच निघा. जतहून किंवा पाटणहून एसटीनं यायचं, गोळी मिळायची नाही आणि हात हलवत परतायचं, यात कित्येकांचे उपचार तुटतात. व्यसन असलेल्या माणसाला शक्यतो दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी देतात. ती सकाळी, न्याहारी करून घ्यायची. गोळी घेतल्यावर भूक मरते, म्हणून आधी खाणं, मग गोळी. दुपारनंतर घेतली की झोप उडते, आणि झोप उडाली की संध्याकाळी प्यायची ओढ वाढते. रक्तदाब, नाडी आणि वजन अधूनमधून तपासून घ्या. गोळ्यांची डबी घरातल्या एका माणसाकडे कुलपात ठेवा, तुमच्या संमतीनं.

अ‍ॅटोमॉक्सेटिनची चटक लागत नाही, म्हणून व्यसन असताना डॉक्टर बऱ्याचदा तेच निवडतात. त्याचा पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. इथंच लोक हात टेकतात: दहा दिवसांत फरक नाही, म्हणून बंद. ते जेवणानंतर घ्यावं, उपाशीपोटी मळमळतं. कॅप्सूल उघडू नये. डोळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, मन अचानक फार खचलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधांतलं काही सुरू असेल तर आधी सांगा, कारण त्यांनी अ‍ॅटोमॉक्सेटिनची रक्तातली पातळी वाढते.

डायसल्फिराम, म्हणजे जी गोळी घेऊन दारू प्यायली की त्रास होतो ती, कुणालाही न सांगता भाजीत किंवा चहात घालू नका. चेहरा लाल होणं, उलट्या, छाती धडधडणं, रक्तदाब घसरणं, काही वेळा मृत्यू. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. आमचं मत असं की उतावीळपणे घोट घेऊन बसणाऱ्या माणसाला ही गोळी द्यायचीच असेल तर त्याच्या संमतीनं आणि रोज कुणाच्या तरी समोर द्यावी. जाहिरातीतल्या ‘न सांगता दारू सोडवा’ पावडरींत काय असतं ते कळायला मार्ग नाही. त्या घरात आणूच नका.

भेटी कशा बांधायच्या

समुपदेशकाला पहिल्याच भेटीत हे सांगा, हवं तर हा भाग वाचून दाखवा. भेट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. ४० मिनिटं पुरेत. आदल्या संध्याकाळी एक आणि निघायच्या दोन तास आधी एक असे दोन संदेश यावेत. पहिल्या पाच मिनिटांत आज काय बोलायचं ते कागदावर लिहून मध्ये ठेवावं, म्हणजे बोलणं भरकटलं तरी परतायला जागा राहते. शेवटी घरी करायचं काम एकच. ते लहान कार्डावर लिहून, त्याचा फोटो काढून मगच उठायचं. त्याला गृहपाठ म्हणू नये. त्या शब्दाबरोबर कित्येकांना बाकावर उभं राहिल्याचं आठवतं.

काम झालं नसेल तर ‘का नाही केलं?’ हा प्रश्न टाळावा. त्याला उत्तर नसतं, फक्त खाली गेलेली मान असते. ‘कुठं अडलं?’ असं विचारलं की माहिती मिळते: कार्ड खिशात राहिलं, पेन सापडलं नाही, रात्री अकराला आठवलं.

भेट चुकली तर काय, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. आम्ही सुचवतो तो नियम असा: चुकल्यावर एका शब्दाचा संदेश पाठवायचा, ‘चुकलं’. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. समोरून नवी वेळ यायची. स्पष्टीकरण द्यावं लागेल या धास्तीनं लोक परत येत नाहीत, म्हणून स्पष्टीकरणच काढून टाकायचं. पहिले १२ आठवडे दर आठवड्याला, नंतरचे तीन महिने पंधरा दिवसांनी, मग वर्ष होईपर्यंत महिन्यातून एकदा, अशी साधारण वाट धरावी.

लाजेवरचं काम

‘मी चूक केली’ हा अपराधीपणा. ‘मीच चुकीचा’ ही लाज. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी वर्षानुवर्षं या दोन भावनांतला फरक अभ्यासला आहे. अपराधीपणा माणसाला दुरुस्तीकडे नेतो, लाज त्याला लपायला लावते, आणि व्यसनाशी सोयरीक लाजेची. आपल्याकडे ‘लाज वाटली म्हणजे सुधारेल’ असं सर्रास म्हणतात. ज्यांनी ते म्हटलं त्यांचा हेतू वाईट नसतो. परिणाम मात्र उलटा होतो.

पहिलं काम: आजवर मिळालेली बिरुदं लिहून काढा. एका भेटीत, समुपदेशकासमोर, कागदाला तीन रकाने पाडून. पहिल्यात बिरुद, दुसऱ्यात त्यामागं मेंदूत काय होतं, तिसऱ्यात आता करायची व्यवस्था. ‘वेंधळा’ समोर: ऐकलेली गोष्ट डोक्यात धरून ठेवायची जागा अपुरी. व्यवस्था: ऐकलं की तिथंच लिहायचं, ‘थांबा, लिहून घेतो’ हे मोठ्यानं म्हणायचं. ‘आळशी’ समोर: काम कळतं, पण सुरू व्हायची कळ दबत नाही. व्यवस्था: पहिली दोनच मिनिटं ठरवायची, शेजारी माणूस बसवायचं. ‘शब्दाचा पक्का नाही’ समोर: वेळ दिसत नाही, आत्ता आणि नंतर एवढेच दोन काळ. व्यवस्था: हो म्हणण्याआधी कॅलेंडर उघडायचं. ‘तापट’ समोर: राग चढायचा वेग जास्त, ब्रेक उशिरा लागतो. व्यवस्था: जागा सोडून दहा मिनिटं बाहेर.

तिसरा रकाना सोडू नका. दुसऱ्यावर थांबलात तर ते कारण सांगणं होतं आणि घरचेही तसंच म्हणतात. चुकीबद्दलचा दंड, मोडलेला शब्द, गेलेले पैसे हे तुमच्याच माथी राहतात. फक्त ‘माणूसच खोटा’ हा निकाल खोडायचा असतो.

दुसरं काम: लाज अंगात कुठं येते ते हुडकणं. कान गरम, पोटात गोळा, मान खाली, फोन पालथा. त्यापाठोपाठ ठरलेल्या चार गोष्टी येतात. टाळणं: उधारी असलेल्या दुकानावरून न जाता मागच्या बोळानं जाणं. लहानसं खोटं. उलट हल्ला. आणि चौथी ओळखायला अवघड, ती म्हणजे मोठं वचन. ‘उद्यापासून नक्की, आईशपथ’ हे निर्धारासारखं ऐकू येतं, पण असतं लाजेतून सुटायचं दार. वचन दिलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि उद्या ते मोडतं. म्हणून उपचाराच्या काळात वचनं बंद. माफी तीन वाक्यांत: काय चुकलं, त्याचा भार कोण उचलणार, आज किती वाजता काय करणार. ‘काल विजेचं बिल भरायचं राहिलं. वरचा दंड माझा. आज सहाच्या आत भरून तुला पावती पाठवतो.’ पुढं काही जोडायचं नाही. ‘पुन्हा कधी होणार नाही’ तर मुळीच नाही.

तिसरं काम खोट्याबद्दल. एडीएचडीत खोटं बऱ्याचदा ठरवून बोललेलं नसतं. विचारलं की जीभ आधी धावते: ‘हो, केलं.’ आणि मग ते निभवायला आणखी दहा. यावर २४ तासांची दुरुस्ती ठेवा. एका दिवसाच्या आत ‘मघाशी मी चुकीचं सांगितलं, बिल भरलेलं नाही’ असं सांगितलं तर घरच्यांनी खोट्याबद्दल बोलायचं नाही, फक्त बिलाबद्दल बोलायचं. हे घरच्यांना जड जातं. पण दुरुस्तीवरही बोलणी बसली की दुरुस्ती थांबते आणि खोटं राहतं.

चौथं काम स्वतःशी बोलायचा सूर बदलणं. ‘स्वतःवर प्रेम करा’ असली गोड वाक्यं इकडच्या माणसाच्या तोंडात बसत नाहीत, ऐकूनच अवघडल्यासारखं होतं. गोड बोलायची गरजही नाही. धाकटा चुलतभाऊ हेच करून तुमच्याकडे आला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? बहुतेक असंच काही: ‘बस आधी, पाणी पी. झालं ते झालं. आता पहिलं काय करायचं ते सांग.’ हे वाक्य तुमच्या घरच्या बोलीत लिहा आणि लाज अंगात आली की मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात म्हटलं तर जुना आवाज त्याच्यावर बसतो.

साखळी उलगडणं

पिणं झालं की पुढच्या भेटीपर्यंत त्या दिवसाची साखळी कागदावर मांडायची. नमुना म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर काम करणाऱ्या एका माणसाचा एक दिवस धरू. रात्री पाच तास झोप, सकाळी नुसता चहा आणि मावा. अकराला मालक सांगतात, शेतकऱ्याची हिशोबपट्टी चारपर्यंत करून ठेव. हा ‘हो’ म्हणतो, तेवढ्यात वजनाचा घोळ निघतो, मग एक फोन, मग आणखी काही. साडेचारला शेतकरी येऊन बाकावर बसतो. पट्टी नाही. मालक चार हमालांसमोर म्हणतात, ‘तुला एक काम सांगून होत नाही.’ कान तापतात. पट्टी कशीबशी होते. सहाला टपरीवर मावा, पोट रिकामं. साडेसातला परमिट रूम, एक क्वार्टर म्हणून दोन. साडेदहाला घरी, ‘गाडी उतरवायला उशीर झाला.’ सकाळी डोकं जड, बायकोच्या नजरेला नजर नाही, आणि पुन्हा पाच तासच झोप.

सगळे जण साखळी शेवटच्या कडीवर तोडायला बघतात: परमिट रूमच्या दारात मनाला आवर घालायचा. तिथं ती सगळ्यात मजबूत असते. अकराच्या कडीवर तोडा: ‘पट्टी, ४’ असं कार्डावर लिहून गल्ल्यासमोर चिकटवायचं, सव्वातीनचा गजर. साडेचारच्या कडीवर तोडा: कान तापले की पाणी, ठरलेलं वाक्य, आणि ठरलेल्या मित्राला एक शब्दाचा संदेश. सहाच्या कडीवर तोडा: टपरीआधी जेवणासारखं काहीतरी, दोन उसळ-पाव किंवा घरून आणलेली भाकरी. उपाशीपोटी येणारी ओढ ही निम्मी भूकच असते. साडेसातच्या कडीआधी: परमिट रूम लागत नाही तो रस्ता, भले दोन किलोमीटर जास्त.

यातून ‘जर–तर’ची वाक्यं करा आणि एका वेळी दोनच धरा. ‘जर मालक बोलले, तर मी पंपावर जाऊन तोंड धुतो आणि दाजींना फोन करतो.’ जास्त केली की एकही आठवत नाही. कार्ड वहीत ठेवू नका, गाडीच्या किल्लीला बांधा. पैशालाही अडसर घाला: बँकेच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी करा, झटपट कर्ज देणारी अ‍ॅप काढून टाका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तरी चोरवाटा दिसत राहतात. पगाराचा दिवस, उसाचं बिल जमा होण्याचा दिवस, गावची जत्रा आणि आषाढी अमावास्या हे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लाल करून त्या संध्याकाळी कुठं असायचं ते ठरवून ठेवा.

ओढ आली की

ओढ चढते, टोकाला जाते आणि साधारण अर्ध्या तासात उतरते. डोळे मिटून श्वास बघत बसा हा सल्ला या मेंदूला सुरुवातीला झेपत नाही. हलत राहा: जिने, चालणं, गार पाणी, मूठभर शेंगदाणे. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावा आणि दर पाच मिनिटांनी ओढीला ० ते १० मध्ये आकडा द्या. आकडा उतरताना दिसला की पुढच्या वेळी धीर येतो.

मावा आणि तंबाखूसाठी निकोटिन गम उपयोगी, पण चघळायची पद्धत चुकते म्हणून लोक ‘लागू पडत नाही’ म्हणतात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. गम सावकाश चावा, झणझणीत चव आली की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. च्युइंगगमसारखा सपासप चावला आणि लाळ गिळली की उचक्या आणि जळजळ. आधी १५ मिनिटं चहा नको. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण १२ आठवड्यांत बंद. तंबाखू सोडल्यावर काही आठवडे लक्ष आणखी उडतं. हे माहीत नसलं की माणूस घाबरून परत पुडी उघडतो, म्हणून ऐन हंगामात किंवा मार्चअखेरीला तारीख धरू नका. दारू आणि मावा दोन्ही असतील तर आधी दारू, ती स्थिरावली की मावा, असं आम्ही सुचवतो. आणि आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील किंवा तिखट झोंबत असेल तर आधी दंतवैद्य गाठा.

घरच्यांसाठी

खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. त्यापेक्षा रात्री जेवणानंतर दहा मिनिटं ठेवा: उद्याची दोन कामं, उद्याचा धोक्याचा क्षण, बस्स. आठवण एकदाच आणि लिहून. ‘अहो, किती वेळा सांगायचं’ हे सातव्यांदा ऐकणारा माणूस शब्द ऐकत नाही, फक्त सूर ऐकतो. सासरी-माहेरी, भावकीत सांगायचं का, हे त्याला विचारून ठरवा.

शपथा घेववू नका, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तर नाहीच. माळ घालून दारू सुटलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. भजनाची मंडळी, रोजची हजेरी, संध्याकाळ भरून काढणारं काम, हा मोठा आधार असतो. पण एडीएचडी असलेल्या माणसानं उत्साहाच्या भरात आज माळ घातली आणि पंधराव्या दिवशी घसरला, तर तो दिंडीतल्या कुणालाच तोंड दाखवत नाही, आणि आधारच तुटतो. माळ घालायची असेल तर उपचार दोन-तीन महिने स्थिर झाल्यावर घालावी, आणि मंडळींपैकी एका जाणत्या माणसाला आजार आधी सांगून ठेवावा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) सभांचंही तसंच: फुकट आहेत, जरूर जा, फक्त तिथं गोळ्यांबद्दल कुणी वेगळं बोललं तर निर्णय डॉक्टरांना विचारूनच.

घसरल्यावर

घसरल्यावर काय करायचं त्याचा कागद न पिता असलेल्या दिवशी लिहून ठेवायचा. एक पेग झाला की ‘आता सगळं गेलंच’ म्हणून बाटली संपवणं हे व्यसनाच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर बरंच काम केलं. घसरण आणि पुन्हा पूर्ण व्यसन यांच्यामध्ये उभी असते ती हीच लाज.

म्हणून सलग दिवस मोजू नका. ४१ दिवस झाले आणि आज शून्य, हा हिशोब माणसाला मोडतो. कॅलेंडरवर न पिता गेलेल्या दिवसाला टिंब द्या आणि महिन्याअखेर टिंबं मोजा: गेल्या महिन्यात १९, या महिन्यात २६. घसरलेल्या दिवसाचा चौकोन कोरा राहतो, बाकीची टिंबं कुठं जात नाहीत.

कागदावर एवढंच लिहा: उरलेली दारू कोण ओतून टाकणार. गाडीची किल्ली कुणाकडे. रात्री फोन कुणाला करायचा, दोन नावं. सकाळी पाणी, नाश्ता, आणि एडीएचडीची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं. घरी म्हणायचं वाक्य: ‘काल प्यालो. गुरुवारच्या भेटीला जाणार आहे.’ आणि गुरुवारी पहिली दहा मिनिटं त्या दिवसाची साखळी, झोपेपासून सुरू करून. कागदाची एक प्रत घरच्यांकडे, एक समुपदेशकाकडे आणि एक गाडीच्या डिकीत.